शब्बाथपासून शिव्हापर्यंत: सिनेगॉगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. पहिले म्हणजे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरात जन्मलेले, पण शाळा, कॉलेज, नोकरी यांच्या रगाड्यात शनिवार कधी हाती न लागलेले आपलेच तरुण. दुसरे म्हणजे आपल्या घरांशी जोडलेले शेजारी, मित्र, सहकारी, सोयरे. त्यांना कधी शनिवारच्या प्रार्थनेला बोलावणं येतं, तर कधी भल्या सकाळी फोन येतो, ‘बाबा गेले.’ निघायचं तर असतं, पण तिथे जाऊन काय करायचं, काय टाळायचं हे ठाऊक नसतं.

माझी आई गेली त्यानंतरचं सबंध वर्ष मी ठाण्याच्या सिनेगॉगच्या आधाराने काढलं. त्या वर्षात जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी: थोडं प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांकडून, थोडं मावशीकडून, बरंचसं मागच्या बाकावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून. यातलं मुख्य एवढंच की, आई-वडिलांच्या मागे मुलगा जी कद्दीशची प्रार्थना म्हणतो, ती एकट्याने म्हणता येत नाही. रूढ परंपरेत त्यासाठी तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हजर असावे लागतात. याला मिन्यान म्हणतात. मंगळवारी संध्याकाळी दहा माणसं अचानक गोळा होत नाहीत. दर शनिवारी एकमेकांना भेटणारी माणसंच मंगळवारी हाकेला येतात. म्हणून या लेखात आधी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, आणि मग दुखवटा, म्हणजे सात दिवसांचा शिव्हा आणि त्यापुढचं. घरात आत्ताच कुणी गेलं असेल, तर थेट पायरी ६ पासून वाचा.

१. कुठे जायचं ते ठरवा आणि आधी फोन करा

बेने इस्राएलांचं मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग म्हणजे सॅम्युएल स्ट्रीटवरचं शाआर हारहामीम. सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी ते १७९६ साली स्थापन केलं. जुने लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात. ठाण्याचं शाआर हाशामाईम १८७९ सालचं, पनवेलचं बेथ एल १८४९ सालचं, अलिबागचं मागेन आबोथ १८४८ सालचं. पुण्यात रास्ता पेठेतलं सुक्कथ श्लोमो आपलं, आणि कॅम्पातलं ‘लाल देऊळ’ म्हणजे ओहेल दाविद हे डेव्हिड ससून यांनी बांधलेलं बगदादी परंपरेचं. फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू आणि भायखळ्याचं मागेन दाविद हीसुद्धा मुळात बगदादी ज्यूंची. आज तिथेही आपली माणसं प्रार्थनेला दिसतात.

घराजवळचं निवडा, नावाजलेलं नको. दर आठवड्याला जाता येईल तेच आपलं सिनेगॉग.

जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: या शुक्रवारी प्रार्थना किती वाजता, आणि या आठवड्यात मिन्यान होणार आहे का. कोकणातल्या सिनेगॉगांत दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. १९४८ नंतर गावंच्या गावं इस्राएलला गेली. २०११च्या जनगणनेत देशभरात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू नोंदले गेले, त्यांतले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. काही गावांत इमारत आहे, दिवा आहे, पण दहा पुरुष फक्त सणालाच जमतात.

फोनवर स्वतःची ओळख आपल्याकडे देतात तशीच द्यावी: नाव, आडनाव, मूळ गाव, कुणाचे कोण. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावंच गावांची आहेत, त्यामुळे पलीकडच्या माणसाला नातं लावायला वेळ लागत नाही. तुम्ही ज्यू नसाल तर तसं सरळ सांगा आणि कुणाच्या ओळखीने येताय तेही सांगा. पाहुण्यांना नाही म्हणत नाहीत. मात्र न सांगता आलेल्याला गेटवर थांबावं लागतं. त्याचं कारण पायरी १० मध्ये आहे.

२. सोबत काय असावं

- सरकारी ओळखपत्र. परदेशी नागरिक असाल तर पासपोर्ट.
- पुरुषांसाठी डोकं झाकायला किप्पा. नसेल तर साधी टोपी किंवा रुमाल चालतो. बहुतेक ठिकाणी दारापाशी टोपल्यांत किप्पे ठेवलेले असतात.
- स्त्रियांसाठी ओढणी किंवा पदर. विवाहित स्त्रिया डोकं झाकतात. खांदे आणि गुडघे झाकणारे साधे कपडे घाला.
- सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, तिथे मिळतं. हिब्रू येत नसेल तर देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ दिलेली प्रत मागून घ्या.

मोबाइल बंद करून खिशात ठेवा. ‘सायलेंट’ पुरत नाही, कारण शब्बाथला फोन हातात घेणं, फोटो काढणं, काही लिहून घेणं हे सगळंच वर्ज्य आहे. दानाचे पैसे त्या दिवशी देऊ नका. पेटीत नोट टाकायची सवय आपल्या हाताला असते आणि नवे लोक इथेच गडबडतात. शनिवारी पैसा हाताळत नाहीत. काही द्यायचं असेल तर मनात रक्कम ठरवा आणि रविवारी पोचती करा.

३. शुक्रवार संध्याकाळ

शब्बाथ सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे वेळ वर्षभर पुढेमागे सरकत राहते. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, जूनमध्ये सव्वासातनंतर. ऑफिसातून थेट येणाऱ्यांनी हिवाळ्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकण्याची तयारी ठेवावी, नाहीतर लोकलमध्येच शब्बाथ लागतो.

घरी आई किंवा पत्नी सूर्यास्ताआधी दिवे लावते. पूर्वी घरोघरी खोबरेल तेलाचे लावत, आता अनेक घरांत मेणबत्त्या असतात. एकदा लागला की तो दिवा विझवायचा नाही, हलवायचा नाही. प्रार्थनेनंतर किद्दूश होतो, म्हणजे द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतात. आपल्याकडे द्राक्षारसाची जागा बहुधा काळ्या मनुकांच्या सरबताने घेतलेली असते: मनुका धुऊन पाण्यात भिजवायच्या, कुस्करून गाळायच्या. ज्या कोकणात द्राक्षं पिकत नाहीत तिथे आपल्या पूर्वजांनी हा मार्ग काढला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवला. मला त्या सरबताबद्दल फार आदर आहे.

किद्दूशचा पेला हातात आला की आशीर्वाद संपून सगळे ‘आमेन’ म्हणेपर्यंत थांबा, मग एक घोट घ्या. एकमेकांना ‘शब्बाथ शालोम’ म्हणायचं. प्रार्थना संपल्यावर वडीलधारे दोन्ही हात पुढे करतील. त्यांच्या हातांना आपल्या हातांनी स्पर्श करून मग स्वतःची बोटं ओठांना लावायची. ही हातबोशी. तुमची पहिलीच वेळ असली तरी हात मागे घेऊ नका, एका माणसाकडून दुसऱ्याकडे ती सबंध सभागृहात फिरते आणि तुमच्यापाशी तुटायला नको.

४. शनिवार सकाळ

सकाळची प्रार्थना लांब असते, दोन-अडीच तास सहज. पुरुष खाली, स्त्रिया वरच्या सज्जात किंवा वेगळ्या बाजूला. मध्यभागी कठडा असलेला चौथरा, तिथून हज्जान प्रार्थना चालवतात. समोरच्या भिंतीत पडद्यामागे हेखाल, म्हणजे पवित्र कपाट, त्यात सेफेर तोराच्या, म्हणजे हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला एक उंच, रिकामी खुर्ची दिसेल. ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे संदेष्टा एलियाहूची. तिच्यावर बसू नका, पिशवीही ठेवू नका. मुलाची सुंता होते तेव्हा तिचं काम असतं.

कुठलं पान चाललंय हे कळलं नाही तर शेजाऱ्याला हळूच विचारा, तो आनंदाने सांगेल. तेही नको वाटलं तर एवढं धरून ठेवा: सगळे उभे राहिले की उभं राहा, सगळे बसले की बसा. हेखाल उघडं असताना आणि सेफेर तोरा बाहेर आणताना उभंच राहायचं. सगळे गप्प उभे राहून मनात पुटपुटत असतात, तेव्हा कुणाशी बोलू नका आणि त्यांच्या पुढ्यातून ये-जा करू नका. ती अमिदा आहे. आणि ‘शेमा इस्राएल’ (‘ऐक, हे इस्राएल’, देव एकच आहे असं सांगणारं वाक्य) सुरू झालं की डोळ्यांवर हात ठेवतात. पुस्तकं आणि शिक्षक येण्याच्या आधीच्या शतकांत आपल्या लोकांनी जे सांभाळून ठेवलं, त्यात सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम आणि शेमाचं हे वाक्य होतं. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणत. एक दिवसाची कमाई सोडणं गरिबाला किती जड असतं, याचा विचार करावा.

तोरावाचनात तुम्हाला वर बोलावलं जाऊ शकतं. त्यासाठी तुमचं हिब्रू नाव आणि वडिलांचं हिब्रू नाव विचारतात. घरातून निघण्याआधी वडिलांना, काकांना विचारून ते पाठ करून ठेवा. हीच दोन नावं पुढे आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत, लग्नपत्रात आणि कबरीवर लागणार आहेत. आईचंही हिब्रू नाव विचारून घ्या. माणूस बोलता-चालता असताना विचारलेलं बरं.

५. मलिद्याचं बोलावणं

नव्या माणसाला सगळ्यात आधी जे घरगुती आमंत्रण येतं ते बहुधा मलिद्याचं. नवस फेडायचा, घर घेतलं, आजारातून उठलं, परदेशी निघायचं, लग्न ठरलं, अशा वेळी एलियाहू हन्नाबीच्या नावाने ताट मांडतात: धुतलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, वर पाच फळं. अलिबागजवळच्या खंडाळा गावी खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, आणि तिथे नवस बोलायला आजही लोक जातात.

डोकं झाकून बसा, आशीर्वाद एकेक करून म्हटले जातात, तोवर ताटाला हात लावू नका. घरून खाण्याचं काही बनवून नेऊ नका. आपल्याकडे मांस आणि दूध एकत्र चालत नाही, मासा खवल्यांचा आणि परांचाच लागतो, म्हणजे कोळंबीचं कालवण प्रेमाने नेलंत तरी ते तसंच परत येईल. फळं नेलीत तर कुणाचीच अडचण होत नाही.

६. बातमी आली: पहिले काही तास

मृत्यूची बातमी ऐकली की ‘बारूख दायान हाएमेत’ म्हणतात, म्हणजे ‘सत्य न्यायाधीश धन्य असो’. मग पहिला फोन सिनेगॉगला करायचा. नातेवाइकांची यादी नंतर. दफन शक्य तितक्या लवकर, एरवी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करतात, आणि स्मशानभूमीतली जागा, अंघोळ घालणारी माणसं, कफनाचं कापड, हे सगळं सिनेगॉगच्या एका फोनवर हलतं.

कागदपत्रं घरातल्या एकाच शांत डोक्याच्या माणसाकडे द्या. लागतं ते असं:

- डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला. घरी मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलवा. ज्यांनी अलीकडे तपासलेलंच नाही ते दाखला द्यायला कचरतात.
- गेलेल्या व्यक्तीचं आधार कार्ड आणि अर्ज करणाऱ्याचं आधार कार्ड, दोन्हींच्या झेरॉक्स.
- महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा दफनाचा परवाना.
- सिनेगॉगचं पत्र किंवा सभासदत्वाची पावती. स्मशानभूमीच्या व्यवस्थापनाला ती लागते. सभासद वर्गणी थकलेली असेल तर आजच भरून टाका, हे काम शोकाच्या दिवशी कुणावर येऊ नये.
- अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांची कागदपत्रं. शवविच्छेदन आपल्याकडे टाळतात, पण कायद्याने करावंच लागत असेल तर वाद न घालता लवकर उरकण्याची विनंती करा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून घ्या. बँक, विमा, सोसायटी सगळीकडे एकेक जाते.

मृत्यूची वेळ लिहून ठेवा, आणि सूर्यास्त झाला होता की नाही तेही. आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला गेलेला माणूस आपल्या पंचांगाने शनिवारी गेला. पुढे दरवर्षीची तारीख यावर ठरते आणि दहा वर्षांनी कुणालाही आठवत नाही.

एक सापळा वारंवार दिसतो. मुलं इस्राएलमध्ये अश्दोदला, दिमोनाला किंवा अमेरिकेत असतात. फोनवर रडत ती म्हणतात, ‘आम्ही येईपर्यंत थांबा.’ आपण ‘हो’ म्हणून बसतो. हा शब्द हज्जानांशी बोलल्याशिवाय देऊ नका. शनिवारी दफन होत नाही, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, होत नाही. गुरुवारी रात्री ‘उद्या बघू’ म्हटलं तर ते रविवारवर जातं. मुलाला यायला दीड दिवस लागणार असेल तर त्याला स्पष्ट सांगा. तो तिथल्या मिन्यानात कद्दीश म्हणू शकतो, शिव्हा तिथेच बसू शकतो.

७. अंघोळ, कफन, माती

मृतदेह एकटा ठेवत नाहीत. उशाशी दिवा लावतात आणि जवळ बसलेले तेहिल्लीम, म्हणजे स्तोत्रं, वाचतात. वाचता येत नसलं तरी जवळ बसता येतं. पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्रिया अंघोळ घालतात. मग साधं पांढरं सुती कफन, त्याला खिसा नसतो. दागिने काढून घेतात. श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच कापड. पुरुषाला त्याच्या तलीथमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शालीत, गुंडाळतात. अंघोळीला हात लावायला कुणी बोलावलं तर घाबरू नका. जाणती माणसं एकेक कृती सांगत असतात, आणि ज्याची सेवा करतो तो कधीच परतफेड करू शकणार नाही म्हणून हे सगळ्यात निर्मळ काम मानतात.

आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी, एवढ्यांचाच दुखवटा धर्माने धरायचा असतो. हे जवळचे लोक अंगावरचा कपडा थोडा फाडतात. आई-वडिलांसाठी डाव्या बाजूला, छातीपाशी. त्या दिवशी जुना शर्ट घाला.

शेजारी-मित्रांनी हार, पुष्पचक्र, अगरबत्ती आणू नये. स्मशानभूमीत पुरुषांनी डोकं झाकावं. कबरीत प्रत्येक जण थोडी माती टाकतो. फावडं एकाने दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, जमिनीवर ठेवतात आणि पुढचा उचलतो. कद्दीश म्हटली जाते. मग हजर असलेले दोन ओळी करून उभे राहतात, त्यांच्यामधून दुःखातली माणसं चालत जातात आणि त्यांना सांत्वनाचे शब्द ऐकवले जातात. तुम्ही ज्यू नसाल तरी त्या ओळीत उभं राहा, कुणी अडवणार नाही. बाहेर पडताना हात धुतात. घरी गेल्यावर अंघोळ करायची तुमची रीत असेल तर ती तुमची. आपल्याकडे तसं बंधन नाही, म्हणून शोकाच्या घरी चहा घ्यायला संकोचू नका.

८. शिव्हा: सात दिवस

दफनाचा दिवस पहिला धरायचा. सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसून शिव्हा उठतो. मधला शब्बाथ सातांत मोजला जातो, पण त्या दिवशी उघड दुखवटा पाळत नाहीत: चांगले कपडे घालून सिनेगॉगला यायचं, आणि शनिवारी रात्री पुन्हा सतरंजीवर. मध्ये मोठा सण आला तर शिव्हा तिथेच संपतो. हे ऐकून घरच्यांना धक्का बसतो, म्हणून पहिल्याच दिवशी पंचांग बघून सांगावं.

स्मशानातून परतल्यावरचं पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःचं खायचं नसतं. ते शेजारपाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आणायचं: उकडलेली अंडी, पोळ्या किंवा पाव, मसुराची आमटी. ही जबाबदारी एका माणसाने अंगावर घ्यावी आणि बाकीच्या दिवसांचीही वाटणी करून टाकावी. घरच्या बाईला ‘काय आणू?’ असं दर तासाला विचारणारे दहा फोन जातात आणि तीच दमते. ज्यू नसलेल्या शेजाऱ्यांना मदत करायची असेल तर जेवणाऐवजी खुर्च्या, पाण्याचे जार, गाडी, आलेल्या पाहुण्यांसाठी झोपायची जागा, यांतलं काही बघावं. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांनी आईच्या शिव्हात पाहुण्यांची अंथरुणं सांभाळली, आणि त्यामुळे लांबून आलेली माणसं रात्रीच्या प्रार्थनेला थांबू शकली.

घरात आरसे झाकलेले असतात. दुःखातली माणसं जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसतात, दाढी करत नाहीत, चामड्याच्या चपला घालत नाहीत, कामाला जात नाहीत. दार बहुधा लोटलेलंच असतं, बेल न वाजवता आत या. ‘नमस्कार’, ‘कसे आहात’ म्हणायचं नाही. बाजूला बसायचं आणि ते बोलेपर्यंत वाट पाहायची. ते गप्प राहिले तर तुम्हीही गप्प. बोलले तर गेलेल्या माणसाबद्दल बोला: काय करायचा, कशावर हसायचा, तुमच्यासाठी काय केलं. ‘सुटले बिचारे’, ‘वय झालंच होतं’ ही वाक्यं चांगल्या मनाने येतात आणि लागतात. निघताना निरोप घेत बसू नका, ‘देव तुमचं सांत्वन करो’ एवढं म्हणून उठा.

रोज घरी प्रार्थना होते, संध्याकाळची सूर्यास्ताच्या आसपास. ज्याच्यावर मिन्यान जमवण्याची जबाबदारी आहे त्याने दहा नव्हे, तेरा-चौदा माणसांकडून होकार घ्यावा. कुणाची लोकल चुकते, कुणी ऑफिसात अडकतो. प्रत्येकाला वेळ सांगताना खरी वेळ सांगा. पंधरा मिनिटं आधीची सांगायची युक्ती दुसऱ्या दिवसापासून चालत नाही. घरात दहा सिद्दूर आणि जास्तीचे किप्पे ठेवा. प्रार्थनेला आपल्याला इथून तोंड पश्चिमेला करायचं आहे, यरुशलेमकडे. त्या भिंतीसमोरची जागा मोकळी ठेवा. स्त्रिया आतल्या खोलीत किंवा मागे बसतात.

नऊच जमले तर? थांबायचं. खाली वॉचमनच्या केबिनपाशी उभं राहून फोन लावायचे. तरीही नाही जमलं तर बाकीची प्रार्थना होते, कद्दीश राहते. समोर मुलगा पुस्तक उघडून बसलेला असतो आणि त्याला ते मिटावं लागतं. हे एकदा पाहिलं की शनिवारचा आळस करवत नाही.

सातव्या दिवशी, पुढे महिन्याला आणि वर्षाला स्मरणाची प्रार्थना होते, तिला जुनी माणसं जियारत म्हणतात. हश्काबा, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणतात, फळांवर आशीर्वाद म्हणतात. ज्याला हिब्रू येत नाही अशा पाहुण्यालाही प्रत्येक आशीर्वादानंतर ‘आमेन’ म्हणता येतं, आणि त्या ‘आमेन’ला मोल आहे.

९. कद्दीश: अकरा महिने

इतर नातलगांसाठी दुखवटा तीस दिवसांचा. आई-वडिलांसाठी कद्दीश अकरा महिने म्हणतात. भाषा अरामी, ‘यितगद्दल व्यितकद्दश श्मे रब्बा’ अशी सुरुवात. तिच्यात मृत्यूचा उल्लेख कुठेच नाही, सगळी देवाची थोरवी आहे. शोकाच्या पहिल्या आठवड्यात ती तोंडातून निघणं कठीण जातं. देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, हज्जानांकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या (शब्बाथ सोडून), आणि अंघोळीच्या वेळी, बसमध्ये म्हणत राहा. अडखळलात तर मागून सगळे तुमच्याबरोबर म्हणू लागतात.

ऐकणाऱ्यांनाही काम आहे. ‘आमेन, येहे श्मे रब्बा मेवाराख’ हे मोठ्याने म्हणायचं असतं. नवीन आलेल्याने निदान ही एक ओळ पहिल्या महिन्यात पाठ करावी.

अकरा महिने रोज जमणं नोकरदाराला अवघड आहे. निदान शुक्रवार-शनिवार चुकवू नये असं माझं मत आहे. माझी आई गेल्यावर आठवड्याच्या मधल्या दिवसांत मिन्यान नसे, पण शनिवारी असायचा, आणि त्यातले निम्मे लोक वयाने सत्तरीपुढचे होते. जिने चढायला त्रास होत असताना ते माझ्या ‘आमेन’साठी येत होते. तुमचे दुःखाचे दिवस संपले की तुमची पाळी.

व्हिडिओ कॉलवर जमलेले दहा जण रूढ परंपरेत मिन्यान धरत नाहीत. इस्राएलमधल्या नातलगांना मात्र स्मरणसभेत असं जोडून घेता येतं. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे आहेत. शुक्रवारी कॉल ठेवू नका, आपल्याकडे शब्बाथ आधी लागतो.

१०. सगळ्यांचं मिळून दुःख

काही शोक एका घराचा नसतो. आषाढ-श्रावणाच्या सुमारास तिशा बाव येतो, यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं त्याचा दिवस. आपल्याकडे त्याला बिरड्याचा सण म्हणत, कारण त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि सोललेल्या वालांचं बिरडं. रात्री सिनेगॉगमध्ये दिवे मंद करतात, सगळे जमिनीवर बसतात आणि विलापगीतं वाचतात. पंचवीस तासांचा उपास. शोक पाळायची रीत शिकायची असेल तर तिशा बावला या: जमिनीवर बसणं, अभिवादन न करणं, चामडं न घालणं, शिव्हाचे बरेचसे नियम तिथे एकाच रात्रीत दिसतात.

हिब्रू नव्या वर्षाआधीच्या महिन्यात लोक कबरींवर जातात. अलिबागजवळ नवगावला गेलात तर जिथे आपले पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं परंपरा सांगते, तिथे बुडालेल्यांची दफनभूमी आहे. पुरुषांचा एक उंचवटा आणि स्त्रियांचा एक. सात जोडपी वाचली, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते मेलेल्यांना माती देण्याचं. कबरीवर फुलांऐवजी छोटा दगड ठेवतात.

आणि नोव्हेंबर. २००८ साली कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बाय गव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी बाहेर काढलं. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगांबाहेर पोलीस असतात आणि ओळखपत्र मागतात. रागावू नका, शांतपणे दाखवा.

११. दरवर्षीची तारीख

पुण्यतिथी हिब्रू तारखेने पाळायची. लिहून ठेवलेली तारीख आणि सूर्यास्ताची नोंद हज्जानांना द्या, ते पुढच्या दहा वर्षांच्या इंग्रजी तारखा काढून देतील. मोबाइलवरच्या हिब्रू पंचांगावरही निघतात. अदार महिन्यात मृत्यू झाला असेल तर आवर्जून विचारा, कारण लीप वर्षात अदार दोन येतात. आदल्या संध्याकाळी चोवीस तास टिकेल असा दिवा लावा. त्या आठवड्याच्या शनिवारी कद्दीश म्हणायची आहे हे बुधवारपर्यंत सिनेगॉगला कळवा, म्हणजे त्यांना माणसं सांगता येतात. कबरीचा दगड वर्षाच्या आत बसवतात. मजकूर हिब्रू आणि मराठी दोन्हींत असतो, आणि कारागिराला बहुधा हिब्रू वाचता येत नाही. कोरण्याआधी कागदावरचं प्रत्येक अक्षर हज्जानांकडून तपासून त्यांची सही घ्या.